गरम फ्राईज आइसक्रीममध्ये बुडवून खाणारं अजून कोणी आहे का?

शेंडेफळ:
मी सातवीत असल्यापासून गरमागरम फ्रेंच फ्राईज व्हॅनिला आइसक्रीममध्ये बुडवून खाते. सॉस नको, मेयोनीज नको, फक्त आइसक्रीम आणि तेही जरा वितळायला लागलेलं, कारण घट्ट असलं की फ्राईज मोडतात. घरी कधी कुणी काही बोललं नाही, पण परवा नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांबरोबर जेवायला गेलो होतो तिथे मी हे केलं तर सगळे असे बघायला लागले की मी शेवटी प्लेट बाजूला सरकवली, आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं. आवडीचं खाणं अर्धवट टाकून उठायचं म्हणजे काय!

तर दोन प्रश्न. एक म्हणजे जिभेला हे असलं का आवडतं, नुसती सवय की खरंच काही कारण असतं? आणि दुसरं, तुमचं असं काय आहे? माझी एक मैत्रीण पिकलेल्या केळ्यावर मिरपूड घालून खाते, मी तिच्याकडे खाऊन बघितलं आणि आता मीपण खाते. अजून येऊ द्या.

चिमूटभर:
अगं बिनधास्त खा. कारण आहे, सवय वगैरे नंतर. तुझ्या त्या एका घासात खारट आणि गोड, गरम आणि गार, कुरकुरीत आणि मऊ, तिन्ही जोड्या एकदम येतात. एकाच घासात असा फरक असला की तोंडाला कंटाळा येत नाही. शिवाय आइसक्रीम गार असतं तेव्हा जिभेला त्यातला गोडपणा कमी कळतो, म्हणून तर वितळलेलं आइसक्रीम नुसतं प्यायलं की फार गोड लागतं. गरम फ्राय त्यात गेला की तेवढंच आइसक्रीम वितळतं, गोडी एकदम वर येते आणि लगेच मीठ लागतं. तू वितळायला लागलेलंच घेतेस ते त्यासाठीच असणार, फ्राईज मोडतात हे एक कारण झालं.

माझं म्हणशील तर मी सगळ्यावर मीठ घालतो. कलिंगड, अननस, हिरवं सफरचंद आणि हो, कॉफी. कडू ब्लॅक कॉफीत अगदी दोन बोटांच्या टोकात मावेल एवढंच मीठ, त्याहून जास्त नाही, नाहीतर कप ओतून द्यावा लागतो. मीठ कडूपणा दाबतं आणि तो दबला की मागे लपलेली गोडी पुढे येते, १९९७ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात यावर संशोधनसुद्धा छापून आलंय. ग्रेपफ्रूटवर साखर घालणाऱ्यांनी एकदा मीठ घालून बघा, साखरेपेक्षा बरं काम करतं असं माझं ठाम मत आहे.

कुरकुरीत:
मी चीज सँडविचच्या आत बटाट्याचे चिप्स घालते. बाजूला घेऊन नाही, आतच, ब्रेड दाबला की कर्रकन आवाज आला पाहिजे. आणि हे खाताना मला टीव्ही चालू चालत नाही कारण तो आवाज ऐकू येत नाही मग मजाच जाते. भाऊ म्हणतो हे मनाचे खेळ, तर त्याला मी एक प्रयोग वाचून दाखवला होता, २००४ सालचा, ऑक्सफर्डच्या संशोधकांचा. लोकांना चिप्स खायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज हेडफोनमधून त्यांना ऐकवला, आवाज मोठा केला, विशेषतः त्यातला बारीक तीक्ष्ण भाग वाढवला, तर तेच चिप्स लोकांना जास्त ताजे आणि कुरकुरीत वाटले! त्याला २००८ साली इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं बक्षीस. म्हणजे कानानेपण खातो आपण. तेव्हापासून भाऊ गप्प आहे आणि परवा त्याच्या सँडविचमध्ये चिप्स दिसले.

जरा_सबुरीने:
आवडी असाव्यात, माझ्यापण आहेत (पीनट बटर आणि कच्चा कांदा, ब्रेडवर), पण कशाबरोबर काहीही चालतं हे मला पटत नाही. दात घासून लगेच संत्र्याचा रस पिऊन बघा. बहुतेक टूथपेस्टमध्ये फेस येण्यासाठी जे घालतात त्याने गोड चव थोडा वेळ मंदावते आणि कडू उठून येतं, त्यात रस आंबट, झालं. तेव्हा काही जोड्या खरंच वाईट असतात आणि त्यालाही कारण असतं.

बाकी लोकांच्या नजरेचं मनावर घेऊ नका. पिझ्झावर अननस घालायला १९६२ साली कॅनडात सॅम पानोपुलोस यांनी सुरुवात केली, त्यावरून आजही लोक भांडतात, २०१७ मध्ये आइसलँडच्या राष्ट्राध्यक्षांनी शाळेतल्या मुलांना सांगितलं होतं की शक्य असतं तर यावर बंदी घातली असती. इतकं होऊनही लोक खातातच ना.

आंबटगोड:
माझं खाणं विचित्र नाही, वेळ विचित्र आहे. पोट गच्च भरलेलं असतं, भाजी-पोळीचा एक घास जाणार नाही, आणि तरी जॅम लावलेला चीजचा तुकडा हवाच असतो. आधी मला वाटायचं हा हावरटपणा आहे. मग कळलं की पोट भरतं तसं एकेका चवीनेही आपण भरतो, जे खात होतो त्याचा कंटाळा येतो पण वेगळ्या चवीची भूक शिल्लक राहते. तेव्हापासून मी जेवतानाच त्या तुकड्याची जागा ठेवते आणि दोन घास कमी खाते.

बर्फाची_वाटी:
जरा वेगळं सांगते, कृपया वाचा. मला वर्षभर बर्फ चावून खायची इतकी ओढ लागली होती की रात्री उठून ट्रे रिकामा करायचे, दिवसाला दोन दोन ट्रे. सगळे हसायचे, मीपण आवड म्हणूनच सांगायचे. नंतर धाप लागायला लागली म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन खूप कमी आणि शरीरात लोह जवळजवळ संपलेलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, बर्फ खाता का? लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर काही आठवड्यांत ती ओढ आपोआप गेली, मी काहीच सोडलं नव्हतं. फ्राईज-आइसक्रीम, केळं-मिरपूड खुशाल खा, त्याचं काही नाही. पण बर्फ, माती, खडू, कच्चे तांदूळ असलं काही रोज खावंसं वाटत असेल, स्वतःला किंवा घरातल्या लहान मुलाला किंवा गरोदर बाईला, तर ते आवडीत धरू नका, रक्त तपासून घ्या.

शेंडेफळ:
बर्फाची_वाटी ताई, बरं झालं लिहिलंत, माझी जाऊबाई कायम बर्फ चघळते आणि सतत दमलेली असते, तिला आत्ताच फोन करून सांगितलं, उद्या तपासायला जाणार आहे.

चिमूटभर, तुझं सफरचंद केलं. हिरवं, पातळ काप, मीठ. छानच, पण मला त्यावर पीनट बटर पण हवंसं वाटलं आणि लावलं, आता ते रोजचं होणार. कॉफीत मात्र मीठ जास्त पडलं, उद्या परत.

कुरकुरीत:
तुझे फ्राईज-आइसक्रीम करून बघितले आज. पण घरी चॉकलेट आइसक्रीम होतं, तितकं नाही जमलं.

शेंडेफळ:
चॉकलेटमध्ये बटाटा हरवतो गं. व्हॅनिलाच घे, आणि फ्राईज बारीक कापलेले, तळून काढल्या काढल्या मीठ घाल, मग चिकटतं.