मदत हवी आहे: गिटारचा फझ (आवाज फाडणारं पेडल) जोडला की सगळी पेडलं बंद

फझवाला_धरमपेठ:
लवकर सांगा राजेहो, शनिवारी प्रोग्रॅम आहे. 9 व्होल्टचा अडॅप्टर, डेझी चेन (एकाच अडॅप्टरवरून सगळ्या पेडलांना वायर). फझ जोडला की सगळ्यांचे लाइट जाऊन राहिले. बॅटरीवर मस्त वाजतो. अडॅप्टर बदलून पाहिला, तेच. आता किती व्होल्टचा घेऊ?

जुना_सोल्डर:
कोणता फझ? अडॅप्टर किती अँपिअर? एकट्या फझला लावून पाहिला का?

बर्डीवाला:
सरळ 18 दे. माझा ओव्हरड्राइव्ह 18 वर काय मोकळा वाजतो!

जुना_सोल्डर:
अबे, त्याच्या डिले पेडलमध्ये 16 व्होल्टचे कपॅसिटर असले तर? पेडलवर 18 पर्यंत चालेल असं लिहिलं असेल तरच द्यायचं. अन् तो हेडरूम (आवाज फाटायच्या आधीची मोकळी जागा) मागून राहिला का?

बर्डीवाला:
माझं तर काही नाही जळलं.

कूलर_चालू:
आमच्याकडे कूलर लावला की ट्यूबलाइट फडफडते. स्टॅबिलायझर बसवा.

फझवाला_धरमपेठ:
1 अँपिअर. एकटा लावला तर वाजतो. हातानं बनवलेला आहे, वर काहीच लिहिलं नाही. आत जुने, धातूच्या टोपीचे दोन ट्रान्झिस्टर.

जुना_सोल्डर:
हे आधी सांगायचं ना भाऊ! जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर दिसतात, म्हणजे बहुतेक पॉझिटिव्ह ग्राउंड (प्लस टोक ग्राउंडला जोडलेलं). बाकीच्यांचं ग्राउंड निगेटिव्ह. पॅच केबलमधून दोन्ही ग्राउंड भिडतात अन् अडॅप्टर शॉर्ट होतो. व्होल्टचा संबंधच नाही. तपासून घे: अडॅप्टर अन् बॅटरी काढ, इनपुटमध्ये केबल राहू दे, मल्टीमीटर बीपवर. बॅटरी क्लिपच्या लाल वायरपासून जॅकच्या बाहेरच्या धातूपर्यंत बीप वाजला तर तेच. मग बॅटरी, नाहीतर फझपुरतं वेगळं आयसोलेटेड आउटलेट (बाकीच्यांच्या सप्लायला न जोडलेलं).

संत्रानगरी:
जर्मेनियम अन् नागपूरचा उन्हाळा? 45 डिग्रीत लीकेज (ट्रान्झिस्टरमधून गळणारा करंट) वाढतं, बायस (त्याचं व्होल्टेज सेटिंग) सरकतो, आवाजाची वाट लागते. सिलिकॉनचा घे.

फझवाला_धरमपेठ:
हॉलमध्ये एसी आहे. अन् विकायचा नाही मला.
@जुना_सोल्डर लाल वायरलाच बीप वाजला. बॅटरी अल्कलाइन घेऊ की साधी?

बर्डीवाला:
साधी. झिंक-कार्बन. फझला तीच गोड लागते.

जुना_सोल्डर:
कोणतीही घे. फक्त वाजवून झालं की इनपुटची केबल काढ, नाहीतर रात्रभर बॅटरी उतरत राहील.

कूलर_चालू:
स्टॅबिलायझर कोणता चांगला, कोणी सांगेल का?