मदत हवी आहे: डिचोलीतल्या जुन्या वखारीत जुन्या गाड्यांचं चालतं गॅरेज, लोकांना बघता येईल असं

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमची पोर्तुगीज अमदानीतली वखार आहे. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, चुन्याचा गिलावा, लाकडी वासे, मंगळुरी कौलं. पडवीत काकांची मर्सिडीज १८०-डी आणि एक लँब्रेटा कित्येक वर्षं उभी आहे. वखार पाडून फ्लॅट बांधण्यापेक्षा तिथे जुन्या गाड्या दुरुस्त कराव्यात आणि ते काम लोकांनी तिकीट काढून समोर बघावं, असं आम्हा भावंडांचं ठरतंय. दोरीपलीकडची चकचकीत गाडी नको; उतरवलेलं इंजिन आणि पत्रा ठोकणारा मिस्त्री दिसायला हवा. बर्लिनमधल्या एका जुन्या ट्राम डेपोत २००३ पासून असं काम लोकांना बघता येतं. अशा डिझेल मर्सिडीज गोव्यात टॅक्सी म्हणून खूप धावल्या. त्यांची नस ओळखणारे आमच्याकडचे मिस्त्री आता थकलेत. त्यांचे हात चालताहेत तोवर हे उभं राहावं, अशी फार इच्छा आहे.

खरी अडचण जमिनीची. कंत्राटदार म्हणतो, भिंतींना सिमेंट मारा, खाली काँक्रीट ओता. मला हे पटत नाही. चिरा पावसात ओल पितो आणि चुन्यातून ती बाहेर जाते. सिमेंटने कोंडली की चिराच भुसभुशीत होतो. पण गाडी उचलणाऱ्या दोन खांबांच्या लिफ्टला जाड काँक्रीट लागतंच. गाडीखाली उतरून काम करायला खड्डा खणावा तर पावसाळ्यात पाणी भरणार, शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचते. कोणी जुन्या फरशीवर सरकती कैची-लिफ्ट वापरली आहे का? भार पसरायला खाली काय घातलंत?

वेल्डिंग आणि स्प्रे पेंटिंग मागच्या वेगळ्या शेडमध्येच करणार, लाकडी छपराखाली नाही. पण कौलांतून दमट हवा आत येतच राहते, म्हणजे तयार गाडी पुन्हा गंजायची. वखारीच्या आत काचेची बंद खोली करून तिथे ओल ओढणारं यंत्र लावलं तर चालेल का?

आता नोंदणी. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मोठे फेरफार न केलेल्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. ती प्रदर्शनाला नेता येते, व्यवसायाला वापरता येत नाही. मग तिकीट लावलेल्या आवारात गाडी चालवून दाखवली तर तो व्यवसाय धरतात का? आणि १८०-डीचा तळाचा कुजलेला पत्रा बदलला तर तो 'मोठा फेरफार' होतो का? ज्यांनी ही नोंदणी केली आहे त्यांनी जरूर लिहा.

डिचोली-साखळी-फोंडा भागात चुन्याचं काम जाणणारा गवंडी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पावसाआधी कौलं उतरवून वासे बदलायचे आहेत, त्यामुळे जमिनीबद्दलचं उत्तर आधी मिळालं तर फार बरं होईल.