मदत हवी आहे : जखमी, तिरसट डॉक्टर आपल्याला इतके का आवडतात?

नमस्कार मंडळी, टीव्ही मालिकांमधल्या तुसड्या डॉक्टरांवर लेख लिहायला घेतलाय आणि एका जागी अडलेय.

२००४ ते २०१२ या काळात चाललेल्या 'हाउस' या अमेरिकी मालिकेचा नायक ग्रेगरी हाउस रुग्णांना तोंडावर खोटारडे ठरवतो, सहकाऱ्यांना वाट्टेल ते बोलतो, तरी त्याच्यावर जीव जडतो. पहिल्या पर्वातल्या 'थ्री स्टोरीज' या भागात तो विद्यार्थ्यांना पायदुखीच्या तीन रुग्णांबद्दल सांगतो. ऐकता ऐकता कळतं, त्यातला एक तो स्वतःच. मांडीचा रक्तपुरवठा तुटला, निदान लांबलं, स्नायू मेला. पाय कापायला त्याचा ठाम नकार. तो बेशुद्ध असताना जोडीदार स्टेसीने पाय न कापता मेलेला स्नायू काढायच्या, मधल्या मार्गाच्या शस्त्रक्रियेला संमती दिली. मागे उरली काठी, वेदना आणि व्हायकोडिन या वेदनाशामकाच्या गोळ्या.

हे पाहिल्यावर त्याचा आधीचा सगळा उद्धटपणा मी माफ करून टाकला, आणि तेच मला छळतंय. दुखावलेल्या हुशार पुरुषाला दुसऱ्यांना दुखवायची मुभा आपण इतक्या सहज कशी देतो? 'डॉक मार्टिन'मधला सर्जनही फटकळच. रक्ताची भीती बसल्यामुळे लंडन सोडून कॉर्नवॉलच्या खेड्यात आलेला. पण त्याच्याबद्दल मला एवढी कणव वाटली नाही.

अशीच जखमी, तोंडाळ स्त्री डॉक्टर नायिका असलेली मालिका कुणी पाहिली आहे का? तिलाही तुम्ही एवढं माफ केलंत?

आणि इथल्या डॉक्टर, नर्स मंडळींना कळकळीची विनंती : वॉर्डात असा वरिष्ठ असला की ज्युनिअर शंका विचारतात, की गप्प बसतात? अनुभव नक्की लिहा.