मदत हवी आहे: वेफर्स लाल पडतायत

नमस्कार मंडळी. परभणीत आमचा वेफर्सचा घरगुती धंदा आहे. दोन कढया, एक स्लायसर आणि मसाला आईच्या हातचा. आजवर माल सेलू, मानवत, पाथरीपुरता जायचा. आता पुण्याहून मागणी यायला लागली आणि नेमके वेफर्स लाल, कडवट निघतायत! तेल बदललं, काप दोनदा धुतले, काही फरक नाही. दोष बटाट्याचाच असणार: कोल्ड स्टोरेजमध्ये २ ते ४ अंशांवर राहिला की स्टार्चची साखर होते, मग तळताना करपट रंग येतो. १०-१२ अंशांवर ठेवलेला कुफरी चिप्सोना (वेफर्ससाठीचा बटाट्याचा वाण) मराठवाड्यात कुठं मिळेल? आठवड्याला दहा पोती लागतात. आडत्यांचं 'बघू' ऐकून कंटाळलोय. आणि हो, नायट्रोजन भरणारं जुनं पॅकिंग मशीन कुणाला विकायचंय का? साध्या पाकिटातला माल लवकर खवट होतो.