मदत हवी आहे: कोंबडीच्या पायावर कंडरा आणि अस्थिबंध दाखवायचे आहेत

मी नागपूरची. आठवीच्या वर्गाला स्नायू हाडाला (कंडरेने) आणि हाड हाडाला (अस्थिबंधाने) कसं जोडलेलं असतं ते दाखवायचं आहे. ब्रॉयलरचे दोन पंजे, दोन पंख आणले. जंतू मरावेत म्हणून कुकरला शिट्ट्या दिल्या, तर पंखाचा सांधा हातातच सुटला आणि पंजातले पांढरे दोरे ओढताच तुटले. कच्चंच वापरायचं का? आणि पंजात स्नायू काऊन दिसत नाही?

प्रतिसाद १
ताई, कुकरनेच घात केला. कंडरा काय, अस्थिबंध काय, दोन्ही मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे. ६०-७० अंशांपुढे ते आक्रसतं, आणखी शिजलं की त्याचं जिलेटिन होतं. पायांचं सूप गार झाल्यावर थिजतं ते यामुळेच. कच्चंच घ्या.

पंजात स्नायू जवळजवळ नाहीच, तो वर तंगडीत राहिला. दुकानात पाय सांध्यावर कापतात, तेव्हा फक्त कंडरा खाली येतात. आपली बोटंही अशीच चालतात: मूठ आवळा, फुगतो तो कोपराखालचा भाग.

कापलेल्या टोकाकडून २-३ सेंमी कातडी सोलून काढा. मागच्या बाजूचे दोरे ओढले की बोटं मिटतात, पुढचे ओढले की उघडतात. बुळबुळीत असतात, चिमटीत राहत नाहीत. कापडात धरून पकडीने ओढा. वाळले तर सरकत नाहीत, म्हणून लिटरभर पाण्यात दीड लहान चमचा मीठ घालून त्यात बुडवून ठेवा. नागपूरच्या उन्हात डबा बर्फातच न्या. हातमोजे घाला, नंतर हात आणि टेबल साबणाने धुवा. कच्चे पंजे-पंख मात्र नळाखाली धुऊ नका, शिंतोडे उडतात.

प्रतिसाद २
पंजापेक्षा पंख बोलका. खांदा ते कोपर कातडी उभी कापा. पुढचा स्नायू ओढला की कोपर वाकतं, मागचा ओढला की सरळ होतं. स्नायू फक्त ओढतो, ढकलत नाही. म्हणून जोडी लागते.

आता दोन्ही स्नायू कापून टाका. हाडं तरी सुटत नाहीत! त्यांना धरून ठेवलंय ते अस्थिबंधांनी, हाडाला हाडाशी. सांध्याच्या बाजूची पांढरी पट्टी कापली की कोपर आडवंही हलायला लागतं. हा फरक मुलांना स्वतः हलवून पाहू द्या.

प्रश्नकर्ती
कंडरा हाडावरून सोलायला गेले तर निघतच नाही. सुरी बोथट आहे का?

प्रतिसाद २
सुरीचा दोष नाही. कंडरा हाडावर नुसती चिकटलेली नसते. तिचे तंतू आधी कूर्चेसारख्या (लवचिक, मऊ हाडासारख्या) थरात, मग क्षार साचलेल्या थरात, शेवटी हाडातच शिरतात. जोर लावला तर कधी हाडाचा कपचाच सोबत येतो. तो आला तर फेकू नका, भिंगाखाली ठेवा.