मॉक एपीआय: नकली, बनावट की अभिरूप?

प्रश्न: सॉफ्टवेअर चाचणीची पुस्तिका मराठीत लिहिते आहे. पेमेंट सेवेशी जोडणी तपासताना आम्ही खऱ्या सेवेच्या जागी तिच्यासारखी उत्तरं देणारा, वायरमॉक या साधनाचा सर्व्हर उभा करतो. या 'मॉक एपीआय'ला (एपीआय म्हणजे दोन प्रणालींनी एकमेकींशी बोलायचा दुवा) मराठीत काय म्हणावं? 'नकली' आणि 'बनावट' या दोन्हींना फसवणुकीचा वास येतो. पैशांच्या कामात तो नकोच.

प्रतिसाद: 'अभिरूप' घ्या. अभिरूप न्यायालय, अभिरूप संसद हे रुळलेले शब्द आहेत. मतदानाच्या सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर किमान ५० मतं टाकून पाहतात, तेही अभिरूप मतदान. तिथे यंत्र खरं, मतं तेवढी लुटुपुटूची. इथेही आपला कोड खरा, समोरची सेवा अभिरूप. 'सराव' मात्र टाळा, इथे कोणीच सराव करत नाही.

प्रतिसाद: 'अभिरूप' पटलं, पण सरसकट सगळ्याला मॉक म्हणू नका. ठरलेल्या विनंतीला ठरलेलं उत्तर देतो तो स्टब. कोणती विनंती आली, किती वेळा आली, हेही जो ताडून पाहतो तो मॉक. जेरार्ड मेझारोस यांनी २००७ च्या पुस्तकात डमी, स्टब, स्पाय, मॉक, फेक अशी वर्गवारी मांडली आणि सगळ्यांना मिळून 'टेस्ट डबल' म्हटलं, सिनेमातल्या स्टंट डबलवरून. वायरमॉक दोन्ही कामं करतं, म्हणून घोळ होतो. पेमेंटमध्ये तर हा फरक पाळायलाच हवा. उत्तराला उशीर झाला म्हणून कोडने तीच विनंती पुन्हा पाठवली, तर दोन्हींत इडेम्पोटन्सी की, म्हणजे ही तीच विनंती आहे हे सेवेला ओळखू देणारी खूण, एकच होती ना? नसेल तर गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले जातील, आणि नुसता स्टब हे सांगणार नाही. मी 'ठरीव उत्तराचा' आणि 'पडताळणी करणारा' असं लिहितो.

प्रश्नकर्ती: मग ४२९ (फार विनंत्या आल्या) किंवा ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) हे नकाराचे कोड मुद्दाम पाठवणं कशात धरू?

प्रतिसाद: स्टबमध्येच, ठरलेलं उत्तर नकाराचंही असू शकतं. ४२९ सोबत 'रिट्राय-आफ्टर' हेडर, म्हणजे किती वेळाने पुन्हा विचारायचं ते सांगणारी नोंद, द्या. कोड तेवढा वेळ खरंच थांबला का, हे बघायला मात्र पडताळणी लागते.

आणि सँडबॉक्सला, म्हणजे खरे पैसे न हलवता चाचणी करायच्या सेवेला, अभिरूप म्हणू नका. तो सेवा देणारी कंपनी स्वतः चालवते. अभिरूप आपण लिहितो, त्यामुळे खऱ्या सेवेने एखादं फील्ड बदललं तरी ते जुनंच उत्तर देत राहतं आणि चाचण्या हिरव्याच दिसतात. सँडबॉक्सशी शेवटचं कधी ताडून पाहिलं, ती तारीख पुस्तिकेत प्रत्येक अभिरूपाशेजारी लिहा.