दुखापतीतून परतलेला क्वार्टरबॅक संघाचा नेता उरतो का? आपापले अनुभव लिहावेत

११ सप्टेंबर २०२३ च्या रात्री न्यू जर्सीतील मेटलाइफ स्टेडियमवर अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक (संघाची चढाई चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) ॲरन रॉजर्स अमेरिकेचा झेंडा हातात घेऊन धावत मैदानात आला. न्यूयॉर्क जेट्सकडून खेळताना चौथ्याच स्नॅपला (खेळीला) बफेलो बिल्सच्या लेनर्ड फ्लॉइडने त्याला पाडले आणि त्याच्या डाव्या पायाची अकिलीस, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा तुटली. त्या वेळी तो ३९ वर्षांचा होता. पुढच्या हंगामात तो सतराही सामने खेळला, २८ टचडाउन (गुण मिळवून देणारे) पास टाकले, आणि जेट्स त्या सतरांपैकी बारा सामने हरले. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघाने त्याला निरोप देण्याचे जाहीर केले.

शरीर सावरून मैदानात उभे राहणे आणि पुन्हा संघाचा नेता होणे या दोन गोष्टींत अंतर आहे असे मला वाटते, आणि रॉजर्सला पहिली साधली, दुसरी साधली नाही, असे माझे मत आहे. आपल्यापैकी अनेकजण हा खेळ वर्षानुवर्षे पाहत आहेत, काहींची मुले तो खेळतात. स्वतः पाहिलेले, अनुभवलेले लिहावे. रॉजर्सच्या लशीविषयीच्या आणि राजकीय मतांवर पुष्कळ बोलून झाले आहे. इथे त्याचा खेळ, त्याची दुखापत आणि त्याचे नेतृत्व एवढ्यावरच लिहावे, ही विनंती.

एडिसन, न्यू जर्सी

वायटूकेच्या (सन २००० साठी संगणक सुधारण्याच्या) कामांसाठी जे मराठी लोक १९९८ च्या सुमारास इकडे आले त्यांपैकी मी एक आहे. त्या हंगामात जेट्स बारा सामने जिंकून कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी आपल्या गटाच्या) अंतिम सामन्यापर्यंत गेले होते, आणि जानेवारी १९६९ मध्ये क्वार्टरबॅक जो नेमॅथने जिंकून दिलेल्या एकमेव सुपर बोलनंतर (लीगच्या अंतिम विजेतेपदानंतर) आता पुन्हा तो दिवस येणार, असे ऑफिसातला प्रत्येकजण बोलत होता. १२ सप्टेंबर १९९९ रोजी, नव्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, क्वार्टरबॅक व्हिनी टेस्टावर्डीची अकिलीस तुटली. तो ३५ वर्षांचा होता. त्यामुळे २०२३ ची ती रात्र आमच्या पिढीच्या जेट्सप्रेमींना जुन्याच घावावर पुन्हा बसलेल्या घावासारखी लागली. घरात कोणी काही बोलले नाही, कारण काय झाले ते रीप्ले पाहण्याआधीच कळले होते.

मला सांगायचे आहे ते मात्र २३ ऑक्टोबर २००० च्या रात्रीविषयी. टेस्टावर्डी परतला होता, समोर मायामी डॉल्फिन्स होते, आणि चौथे क्वार्टर सुरू झाले तेव्हा जेट्स ७-३० असे मागे होते. आमच्या भोवतालचे लोक गाडी काढायला निघून गेले. माझ्या मित्राने आग्रह केला म्हणून आम्ही थांबलो. त्या एका क्वार्टरमध्ये जेट्सनी ३० गुण केले, त्यांतला बरोबरी साधणारा टचडाउन पास तर जंबो एलियट नावाच्या, एरवी चेंडूला हातही न लावणाऱ्या धिप्पाड लाइनमनने पकडला, आणि सामना जादा वेळेत ४०-३७ असा जिंकला. टेस्टावर्डीचे तीन पास त्या रात्री प्रतिस्पर्ध्यांनी झेलले होते. तरीही त्याचे सहकारी त्याच्याकडे पाहत राहिले, आणि तो त्यांच्याकडे टाकत राहिला. त्या हंगामात जेट्स ९-७ (नऊ विजय, सात पराभव) वर थांबले, प्लेऑफमध्येही (बाद फेरीतही) पोहोचले नाहीत. तरीसुद्धा टेस्टावर्डी नेता म्हणून परतला होता, याविषयी त्या स्टँडमध्ये उरलेल्या माणसांच्या मनात शंका नव्हती. म्हणून नेतृत्व फक्त हार-जितीवरून ठरवू नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

पार्सिपनी, न्यू जर्सी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे अकिलीस तुटून येणारे बहुतेक रुग्ण चाळिशीच्या आसपासचे, आठवडाभर खुर्चीत बसून सुटीच्या दिवशी बॅडमिंटन किंवा क्रिकेट खेळणारे असतात. त्यांचे वर्णन थक्क करण्याइतके सारखे असते: मागून कोणीतरी जोरात लाथ मारली असे वाटले, आणि वळून पाहिले तर मागे कोणीच नव्हते.

या दुखापतीत शस्त्रक्रिया हा सोपा भाग असतो. कठीण भाग पुढचा. पोटरीच्या स्नायूची ताकद या कंडरेतून टाचेच्या हाडापर्यंत पोहोचते, आणि कंडरा किंचित जरी लांब होऊन जुळली तरी ती ताकद वाटेतच कमी होते. रुग्णाला एका पायावर उभे राहून टाच उचलायला सांगितले की ते लगेच दिसून येते. खेळाडूंना पूर्ववत व्हायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागते. रॉजर्स उजव्या हाताने पास टाकतो, म्हणजे जोर उजव्या पायातून निघतो आणि डावा पाय पुढे रोवून तो जोर थोपवतो. त्याची डावी अकिलीस तुटली होती, त्यामुळे जागेवर उभे राहून पास टाकणे त्याला तुलनेने लवकर जमणार हे अपेक्षित होते. कठीण होते ते अंगावर येणाऱ्या बचावपटूला चुकवून निसटणे, आणि तीच तर त्याची तरुणपणीची खरी देणगी होती. २०२४ मध्ये ज्यांनी त्याला पॉकेटच्या (सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती राखलेल्या जागेच्या) बाहेर पळताना पाहिले त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

१३ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये त्याची शस्त्रक्रिया झाली, ऑक्टोबरच्या मध्यास ईगल्सविरुद्धच्या सामन्याआधी तो कुबड्यांशिवाय मैदानात उभा राहून पास टाकत होता, आणि नोव्हेंबर संपण्यापूर्वी संघाबरोबर सरावाला उतरला. त्या आठवड्यांत माझे रुग्ण पायाला आधार देणारा बूट लवकर काढण्याची परवानगी मागू लागले. त्यांना समजावताना मला रॉजर्सचा रागही येई आणि त्याच्याविषयी आदरही वाटे. त्या हंगामात तो खेळला नाही, हे योग्यच झाले. मात्र चाळिशी ओलांडल्यावर पुढचा संपूर्ण हंगाम एकही सामना न चुकवता खेळणे म्हणजे काय, हे मला माझ्या व्यवसायामुळे ठाऊक आहे, आणि या कामगिरीला कोणी ‘नुसते शरीर सावरणे’ म्हणू नये. पहाटे उठून, दुखत असताना, कोणी पाहत नसताना केलेल्या कामाचा आदर्श तरुण खेळाडूंपुढे ठेवणे हेही नेतृत्वच आहे.

पुणे

आमच्याकडे तो सोमवार रात्रीचा सामना मंगळवारी पहाटे पावणेसहाला सुरू झाला. रॉजर्स बाहेर गेल्यावर टीव्ही बंद करण्याची इच्छा झाली होती, पण बदली क्वार्टरबॅक झॅक विल्सनने सामना कसाबसा ओढत नेला आणि जादा वेळेत झेव्हियर गिप्सनने पंट (प्रतिस्पर्ध्याने लाथेने दूर मारलेला चेंडू) परतवून जेट्सना २२-१६ असे जिंकून दिले. नेता नसताना संघ काय करू शकतो याचे इतके चांगले उदाहरण त्याच रात्री मिळाले होते. दुर्दैवाने संघाने त्यातून काही घेतले नाही आणि अख्खा हंगाम रॉजर्स कधी परततो याच्या चर्चेत घालवला.

सचिन २००५ मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर परतला तेव्हा नागपूरला श्रीलंकेविरुद्ध त्याने ९३ धावा केल्या होत्या. त्या वेळी कर्णधार द्रविड होता. सचिनवर फक्त फलंदाजीची जबाबदारी होती. रॉजर्सला मात्र स्वतःचा पाय आणि कित्येक वर्षे प्लेऑफ न पाहिलेला संघ, दोन्ही एकाच वेळी उभे करायचे होते.

जर्सी सिटी, न्यू जर्सी

२०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरहॅम पार्कला जेट्सचा सराव प्रेक्षकांसाठी खुला होता, तेव्हा आम्ही मैत्रिणी गेलो होतो. रॉजर्स एका तरुण रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या खेळाडूला) पुन्हा पुन्हा तोच मार्ग धावायला लावत होता, मधेच थांबून स्वतः दोन पावले धावून दाखवत होता, आणि तो मुलगा मान डोलावून परत जागेवर जात होता. त्याच दिवसांत त्याने सुमारे साडेतीन कोटी डॉलरवर पाणी सोडून नवा करार केला, जेणेकरून संघाला इतर खेळाडू घेता यावेत. नेमॅथने देऊ केलेला स्वतःच्या जर्सीचा १२ क्रमांकही त्याने घेतला नाही, आपला कॉलेजचा ८ क्रमांक घेतला. हा माणूस आमचा आहे, असे त्या दिवशी मनापासून वाटले.

म्हणूनच जून २०२४ मध्ये तो सक्तीच्या शिबिराला न येता इजिप्तला गेला तेव्हा मला वाईट वाटले. पार्सिपनीच्या ताईंनी लिहिलेले सगळे मला मान्य आहे, परंतु त्याने वर्षभर मैदानाबाहेर राहून जे कमावले होते ते नेमके तेव्हा खर्च झाले. दोन दिवसांच्या सरावाने खेळात काही फरक पडला नसता. मात्र ज्या मुलांनी वर्षभर त्याची वाट पाहिली, त्यांच्याबरोबर त्या दोन दिवसांत उभे राहणे हे त्याचे काम होते.

लंडन

६ ऑक्टोबर २०२४ रोजी टॉटनहॅमच्या स्टेडियमवर जेट्स आणि मिनेसोटा व्हायकिंग्ज खेळले तो सामना मी प्रत्यक्ष पाहिला. जेट्स १७-० असे मागे पडले, त्यांतला एक टचडाउन अँड्र्यू व्हॅन गिंकलने रॉजर्सचाच पास मधे पकडून केला होता. रॉजर्सच्या घोट्याला मार बसला होता, तो लंगडत होता, आणि तरीही बाहेर गेला नाही. शेवटच्या मिनिटात त्याचा तिसरा पास प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला आणि सामना २३-१७ असा संपला. दोन दिवसांनी प्रशिक्षक रॉबर्ट सालेह यांना काढून टाकले. त्यात आपला हात नसल्याचे रॉजर्सने स्पष्ट सांगितले, आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही. परंतु स्टँडमध्ये माझ्या पुढे बसलेले, न्यूयॉर्कहून आलेले कुटुंब शेवटी टाळ्या वाजवत होते ते त्या लंगडत्या पायासाठी, हे मला नोंदवावेसे वाटते.

मॅडिसन, विस्कॉन्सिन

आम्ही पॅकर्सवाले, म्हणजे रॉजर्सच्या आधीच्या संघाचे. रॉजर्सचे नेतृत्व आम्ही जवळून पाहिले आहे आणि त्याबद्दल आमच्यातही एकमत नाही. ९ सप्टेंबर २०१८ रोजी शिकागो बेअर्सविरुद्ध त्याचा गुडघा दुखावला आणि त्याला गाडीतून आत नेले. पॅकर्स २०-० असे मागे होते. दुसऱ्या अर्ध्यात तो परत आला, पाय ओढत खेळला, रँडल कॉबला दिलेल्या पासवर ७५ यार्डांचा टचडाउन झाला आणि आम्ही २४-२३ असे जिंकलो. लॅम्बो फील्डवर त्या रात्री अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती.

मात्र तो संघ त्याचा होता. तिथे त्याने आधीचा क्वार्टरबॅक ब्रेट फार्वच्या मागे तीन वर्षे बसून काढली होती, २०११ मध्ये सुपर बोल जिंकला होता, आणि त्याने कुठे पाहिले की कोणी कुठे धावायचे हे सहकाऱ्यांना न सांगता कळत होते. तो चुकीच्या मार्गाने धावणाऱ्या रिसीव्हरकडे रागाने बघतो हे खरे आहे. दहा वर्षे बरोबर असलेल्याला त्या नजरेचा अर्थ कळतो, नव्याला ती फक्त बोचते. जेट्समध्ये हा परिचय व्हायचे वर्ष त्याच्या दुखापतीत गेले. २०२४ मध्ये त्याचा पॅकर्समधला जुना रिसीव्हर दावान्ते ॲडम्सला आणावे लागले ते याच कारणाने, असे मला वाटते.

फेअरफॅक्स, व्हर्जिनिया

रॉजर्सच्या चर्चेत ॲलेक्स स्मिथचे नाव यायलाच हवे. २००५ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) तो पहिला निवडला गेला आणि रॉजर्स चोविसावा. १८ नोव्हेंबर २०१८ रोजी ह्यूस्टन टेक्सन्सविरुद्ध आमच्या वॉशिंग्टनच्या या क्वार्टरबॅकच्या उजव्या पायाची दोन्ही हाडे मोडून बाहेर आली. बरोबर ३३ वर्षांपूर्वी त्याच तारखेला वॉशिंग्टनच्याच जो थाइसमनचा पाय मोडला होता, आणि दोन्ही सामन्यांचा निकाल २३-२१ होता. स्मिथच्या जखमेत मांस कुजवणारा जंतुसंसर्ग झाला, पाय कापण्यापर्यंत वेळ आली, आणि एकूण १७ शस्त्रक्रिया झाल्या. सॅन अँटोनियोच्या लष्करी पुनर्वसन केंद्रात जखमी सैनिकांबरोबर त्याने चालायला शिकून घेतले.

११ ऑक्टोबर २०२० रोजी रॅम्सविरुद्ध तो बदली म्हणून मैदानात आला. करोनामुळे स्टेडियममध्ये प्रेक्षक नव्हते, त्याच्या घरचे लोक मात्र होते. आमच्या घरी माझी सासूबाई, ज्यांना या खेळाचे नियमही माहीत नाहीत, रॅम्सचा बचावपटू ॲरन डॉनल्ड त्याच्या पाठीवर चढला तेव्हा उभ्या राहून देवाचे नाव घेऊ लागल्या. स्मिथ उठला. पुढे त्याने सहा सामन्यांत सुरुवात केली, पाच जिंकले, आणि ७-९ अशा मोडक्या नोंदीवरही वॉशिंग्टनने विभाग जिंकला. त्याचे पास लहान असत, तो फारसा पळत नसे. पण आमच्या शेजारचा हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळणारा मुलगा म्हणाला की स्मिथ हडलमध्ये (खेळीआधीच्या खेळाडूंच्या घोळक्यात) आला की बाकीचे ताठ उभे राहतात, टीव्हीवरही ते दिसते. ते आम्हालाही दिसत होते. संघाने मार्च २०२१ मध्ये त्याला मोकळे केले, हे मला आजही पटलेले नाही.

पिट्सबर्ग, पेन्सिल्व्हेनिया

धागा काढणाऱ्यांचे म्हणणे मला अर्धेच पटते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी रॉजर्स स्टीलर्सचा क्वार्टरबॅक म्हणून त्याच मेटलाइफ स्टेडियमवर जेट्सविरुद्ध उतरला. जर्सीतल्या भावाकडे राहून मी तो सामना पाहायला गेलो. प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत होते आणि त्याने चार टचडाउन पास टाकले. शेवटी क्रिस बॉसवेलच्या ६० यार्डांवरून लाथेने मारलेल्या फील्ड गोलने आम्ही ३४-३२ असे जिंकलो. ज्या मैदानावर पाय गेला तिथे वयाच्या ४१ व्या वर्षी इतका शांतपणे खेळणारा माणूस नेता नाही असे मी म्हणणार नाही. मॅडिसनच्या मित्रांनी परिचयाचा जो मुद्दा मांडला तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यात जेट्सच्या व्यवस्थापनाचा दोष रॉजर्सपेक्षा मोठा आहे: हंगामाच्या मध्यावर आधी प्रशिक्षक आणि मग जनरल मॅनेजरही बदलणाऱ्या संघात टेस्टावर्डी किंवा स्मिथ असता, तरी त्याने काय वेगळे केले असते, हे एडिसनच्या काकांनी आणि फेअरफॅक्सच्या ताईंनी लिहावे.